गादी कुणी उचलायची? : नुकसान आवरण्याच्या 'कर्तव्या'चा इतिहास



आजचा विषय कायद्याचा आहे आणि आम्ही वकील नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा कुणाचा दावा कोर्टात अडकला असेल तर आमच्याकडे चहा मिळेल, सल्ला मिळणार नाही. पण निवृत्तीनंतर कायद्याचा इतिहास वाचता वाचता एक शब्द असा भेटला की त्याने आम्हाला स्वस्थ बसू दिलं नाही. शब्द आपल्या ओळखीचाच आहे, 'कर्तव्य'. आम्ही तो चाळीसेक वर्षं वर्गात वापरला. तो कायद्यात एका विचित्र जागी बसलेला दिसला, म्हणून हे व्याख्यान.

घरातलं उदाहरण घेऊ. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून पाणी पाझरायला लागलं आणि थेट आमच्या निजायच्या खोलीत टपकू लागलं. चूक वरच्यांची होती, त्यांनी ती नाकारलीही नाही. पण खाली कापसाची गादी होती ती आमची. आम्ही गादी भिंतीकडे ओढली, खाली बादली लावली आणि मग भांडायला जिना चढलो. समजा, क्रम उलटा केला असता. पाणी पडू दिलं, आठ दिवसांनी गादी कुजली आणि तिची किंमत मागायला गेलो. शेजारी काय म्हणाले असते? "अहो, चूक आमची, मान्य. पण गादी बाजूला करायला तुम्हाला काय झालं होतं?" प्रश्न रास्त आहे. न्यायालयही हेच विचारतं. समोरच्याने करार मोडला असो, की त्याच्या हातून अपकृत्य घडलं असो, म्हणजे करार नसताना कुणाच्या निष्काळजीपणाने तुमचं नुकसान झालं असो, तुम्ही सहज टाळू शकला असता तेवढं नुकसान तुम्हाला भरून मिळत नाही.

आता त्याच इमारतीत एक आजीबाई एकट्या राहतात असं समजा. गुडघे गेलेले, गादी हलवणं त्यांच्या हातचं नाही, माणूस बोलवायला हाताशी पैसे नाहीत. त्यांची गादी कुजली तर? 'गादी हलवायला काय झालं होतं' हा प्रश्न त्यांनाही विचारायचा का? आज आम्हाला बोलायचंय ते या दुसऱ्या घराबद्दल. तिथे पोचायला कायद्याला फार वर्षं लागली.

मूळ विचार जुना आहे. रोमन कायदेपंडित पोम्पोनियस याचं एक वचन जस्टिनियनच्या 'डायजेस्ट'मध्ये आहे. त्याचा आशय असा की, ज्याला स्वतःच्या चुकीने नुकसान सोसावं लागतं त्याला नुकसान झालं असं समजायचंच नाही. इंग्लंडमध्ये हा विचार रुजला तो मात्र व्यापाऱ्यांच्या भांडणांतून. १८३० सालचा स्टॅनिफोर्थ विरुद्ध लायल हा दावा पाहा. ठरल्याप्रमाणे जहाज न्यूझीलंडला गेलं, पण माल भरणाऱ्यांनी शब्द फिरवला. कप्तान हात जोडून बसला नाही. तो जहाज घेऊन बटाव्हियाला गेला, तिथे दुसरा माल मिळवला आणि मूळ करारापेक्षा जास्त भाडं कमावलं. मग भरपाई कसली मागता, असं म्हणून न्यायालयाने नाममात्र रक्कम देऊन मालकाची बोळवण केली.

लक्षात घ्या, इथे कुणी कप्तानाला 'तू बटाव्हियाला जायलाच हवं होतंस' असं म्हटलेलं नाही. तो गेला, कमावलं, ते हिशेबात धरलं. एवढंच.

आता भारताकडे येऊ. १८७२ चा आपला करार अधिनियम. इंग्लंडमध्ये बसलेल्या विधी आयोगाने १८६६ साली त्याचा मसुदा पाठवला, इथे त्यावर बराच हात फिरला आणि कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या काळात तो मंजूर झाला. १ सप्टेंबर १८७२ पासून लागू आहे, म्हणजे दीडशे वर्षं उलटून गेली. त्यातलं ७३ वं कलम भरपाईचं. कलमाच्या शेवटी एक छोटं स्पष्टीकरण आहे. त्याचा भावार्थ असा: करारभंगामुळे झालेल्या नुकसानीचा अंदाज करताना, करार न पाळला गेल्याने जी गैरसोय झाली ती दूर करण्याची जी साधनं उपलब्ध होती ती विचारात घेतली पाहिजेत.

पुन्हा नीट ऐका. यात 'कर्तव्य' हा शब्द नाही. वादीने अमुक करावं, तमुक करावं, असा हुकूम नाही. 'साधनं होती का' एवढाच प्रश्न आहे. आम्हाला हे वाक्य फार शहाणं वाटतं.

कलमाखालची उदाहरणंही वाचण्यासारखी आहेत. पहिलं पन्नास मण सोऱ्याचं. विकणाऱ्याने माल दिला नाही, तर घेणाऱ्याला किती मिळणार? तेवढाच सोरा त्या वेळी दुसरीकडून ज्या भावाने मिळाला असता तो भाव आणि ठरलेला भाव, यांतला फरक. घेणाऱ्याने खरोखर दुसरा सोरा घेतला की नाही, कायदा विचारत नाही. बाजार आहे, तुम्ही बाजारात जाऊ शकता, हे गृहीत. दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. एकाने जहाज ठरवलं. त्याने मुंबईला यायचं, १ जानेवारीला माल चढवायचा आणि कलकत्त्याला न्यायचा. जहाज आलंच नाही. पण मालवाल्याला तेवढ्याच फायद्याच्या अटींवर दुसरी सोय मिळाली आणि त्याने ती घेतली. आता त्याला काय मिळेल? दुसरी सोय शोधताना जी यातायात आणि जो खर्च झाला त्याची भरपाई. धावपळ तुमची, पण तिचं बिल करार मोडणाऱ्याच्या नावे. कायद्याच्या या नाण्याची ही दुसरी बाजू लोक विसरतात. गादी हलवायला आम्ही हमाल बोलावला असता, तर हमालीही वरच्यांकडूनच.

मग 'कर्तव्य' हा शब्द आला कुठून? इथे आमच्या बिरादरीतला एक माणूस येतो, त्यामुळे जरा रेंगाळू.

रिचर्ड हाल्डेन. स्कॉटिश. सतराव्या वर्षी जर्मनीत ग्यॉटिंगनला जाऊन लोत्झेच्या हाताखाली तत्त्वज्ञान शिकला. पुढे जॉन केम्पबरोबर शोपेनहाउअरच्या मुख्य ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, तीन खंड, १८८३ ते ८६. गिफर्ड व्याख्यानं दिली. आणि हा माणूस पेशाने वकील! ब्रिटनचा युद्धमंत्री झाला आणि जून १९१२ मध्ये लॉर्ड चान्सलर, म्हणजे तिथल्या न्यायव्यवस्थेचा प्रमुख. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याने जो निकाल दिला तो या विषयातला पायाचा दगड मानला जातो. ब्रिटिश वेस्टिंगहाउसचा खटला.

लंडनच्या भुयारी रेल्वेने थेम्सकाठच्या वीजघरासाठी वेस्टिंगहाउस कंपनीकडून आठ वाफेची टर्बाइन घेतली. ती करारात ठरलेल्या गुणवत्तेची निघाली नाहीत, कोळसा भरमसाट खात. रेल्वेने काही वर्षं ती चालवली आणि मग काढून टाकून पार्सन्सची टर्बाइन बसवली. ही नवी यंत्रं इतकी सरस होती की वेस्टिंगहाउसची यंत्रं करारात म्हटल्यासारखी चालली असती तरी त्यांच्यापेक्षा ही बदलणं फायद्याचंच ठरलं असतं. रेल्वेने वेस्टिंगहाउसकडे नव्या यंत्रांची किंमतही मागितली. हाल्डेनने दोन तत्त्वं मांडली. एक, करार पाळला गेला असता तर वादी ज्या स्थितीत असता तिथे पैशाच्या रूपाने त्याला नेऊन बसवायचं. दोन, पहिल्याला मर्यादा म्हणून, नुकसान कमी करण्यासाठी वाजवी ती सगळी पावलं उचलण्याचं कर्तव्य वादीवर आहे. स्वतःच्या हयगयीने वाढलेलं नुकसान त्याने मागायचं नाही. आणि ते पाऊल उचलताना फायदा झाला असेल तर तोही हिशेबात धरायचा. प्रकरण पुन्हा लवादाकडे गेलं.

न्याय म्हणून निकाल ठीक आहे. पण कर्तव्य? मंडळी, कर्तव्य म्हटलं की ते कुणाच्या तरी प्रती असतं. कर्ज फेडणं हे सावकाराप्रती. फेडलं नाही तर तो दावा लावतो. आम्ही गादी हलवली नाही, म्हणून वरचे शेजारी आमच्यावर दावा लावू शकतात का? नाही. आमच्याकडून दंड घेतला जातो का? नाही. फक्त गादीचे पैसे मिळत नाहीत. हे कसलं कर्तव्य? फार तर स्वतःच्या हिताचं स्वतःवरचं बंधन. गंमत अशी की हाल्डेनने ज्याचा अनुवाद केला त्या शोपेनहाउअरने नीतीच्या पायावरच्या आपल्या निबंधात, स्वतःप्रती कर्तव्य असतं या कांटच्या कल्पनेची यथेच्छ टर उडवली आहे. जर्मन कायद्यात अशा बंधनाला 'ओब्लीगेनहाइट' असा वेगळाच शब्द आहे. आपल्याकडे तसा शब्द नाही, इंग्रजीतही नाही. १९८३ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड डोनाल्डसन यांनी एका जहाजाच्या खटल्यात स्पष्ट सांगून टाकलं की वादीवर असं कर्तव्य वगैरे काही नाही. तो त्याला हवं ते करायला मोकळा आहे, प्रश्न एवढाच की खर्च कुणाच्या माथी.

तुम्ही म्हणाल, प्रोफेसर शब्दाचा कीस काढतायत. सवय आहे, मान्य. पण शब्दाने फरक पडतो. 'साधनं होती का' असं विचारलं की आपण त्या माणसाच्या घरात डोकावतो. 'कर्तव्य केलंस का' असं विचारलं की तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. नुकसान त्याचं झालंय आणि जाबही त्यालाच.

न्यायाधीशांना हे कळत नव्हतं असं नाही. १९१९ च्या पेझू विरुद्ध सॉन्डर्समध्ये रेशमाच्या विक्रेत्याने उधारीवर माल द्यायचा करार मोडला, पण रोखीने द्यायची तयारी दाखवली. घेणाऱ्याने बाणेदारपणे ती नाकारली, भाव चढले, आणि न्यायालय म्हणालं, व्यापारात बाणेदारपणा कशाला, रोखीने घ्यायचा होता. मात्र त्याच निकालात न्या. स्क्रटन म्हणाले की चाकरीसारख्या माणसामाणसांतल्या संबंधात ज्याने अपमान केला त्याच्याकडेच परत जा, असं सांगणं वाजवी नसेल. पुढे पोर्तुगालच्या खोट्या नोटांचं प्रकरण झालं. आल्वेस दुश रेइश नावाच्या ठगाने बँक ऑफ पोर्तुगालच्या बनावट पत्रांच्या जोरावर, बँकेच्या नोटा छापणाऱ्या लंडनच्या वॉटरलो कंपनीकडूनच ५०० एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या. खऱ्या छपाईच्या खोट्या नोटा! डिसेंबर १९२५ मध्ये बिंग फुटल्यावर बँकेने घाईने ती सगळी मालिका मागे घेतली आणि लोकांनी आणलेली प्रत्येक नोट, खरी असो खोटी असो, बदलून दिली. वॉटरलो म्हणाली, एवढं करायची गरज नव्हती. १९३२ साली लॉर्ड मॅकमिलन यांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा की, ज्याच्या चुकीमुळे माणूस अडचणीत सापडला त्यानेच नंतर येऊन त्याच्या सुटकेच्या धडपडीला सोनाराच्या काट्यावर तोलू नये. बँकेला सहा लाख पौंडांहून जास्त मिळाले.

आणि पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने एक गरीब वादी पाहिला.

'लीसबॉश' हे गाळ उपसणारं जहाज, ड्रेजर. ग्रीसमधल्या पात्रास बंदराचं काम एका कंत्राटदार मंडळीने घेतलं होतं. नोव्हेंबर १९२८ मध्ये 'एडिसन' नावाच्या आगबोटीने निष्काळजीपणे त्याचे दोर आपल्याबरोबर ओढत नेले आणि ड्रेजर उघड्या समुद्रात बुडाला. दोष एडिसनवाल्यांनी कबूल केला. आता साधा उपाय काय? ताबडतोब दुसरा ड्रेजर विकत घ्यायचा. पण या कंत्राटदारांनी होता नव्हता तो पैसा कामात घातला होता. गाठीला काही नाही. इकडे बंदराचं काम थांबलं तर करार मोडतो. म्हणून त्यांनी 'एड्रिया' नावाचा दुसरा, महागडा ड्रेजर भाड्याने आणला. त्यात खर्च भयंकर वाढला. न्यायालयात त्यांनी तो मागितला.

लॉर्ड राइट यांनी तो नाकारला. बाजारात जाऊन लगेच दुसरा ड्रेजर घेतला असता तर जेवढं नुकसान झालं असतं तेवढंच मिळेल. वरचा खर्च एडिसनच्या चुकीतून आलेला नाही, तो तुमच्या निर्धनपणातून आला. आणि तुमचा निर्धनपणा हे वेगळं, बाहेरचं कारण आहे.

आम्ही हा निकाल वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण याच इंग्रजी कायद्यात १९०१ पासून एक नियम ठामपणे सांगितला जातो. तुमच्या धक्क्याने एखाद्याचं डोकं फुटलं आणि त्याची कवटी मुळातच पातळ होती, तर 'साध्या माणसाला एवढं लागलं नसतं' ही सबब चालत नाही. जसा आहे तसा माणूस स्वीकारावा लागतो. मग कवटी पातळ असलेली चालते आणि खिसा पातळ असलेला चालत नाही, हे कसं? याचं समाधानकारक उत्तर आम्हाला त्या निकालात सापडलं नाही. आमचं मत असं की पन्नास मण सोऱ्यापासून लंडनच्या टर्बाइनपर्यंत हा नियम ज्यांच्यासाठी घडला त्या सगळ्यांच्या गाठीला पैसा होता. 'वाजवी माणूस' म्हणून न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर जो उभा राहायचा तो बाजारात जायचा तेव्हा पाकीट घेऊन जायचा. रिकाम्या हाताने निघालेला माणूस त्यांच्या कल्पनेत नव्हता.

हा निकाल सत्तर वर्षं टिकला. मधल्या न्यायाधीशांनी पळवाटा काढल्या, पण मोडला नाही. मग आलं २००३ साल. त्या एका वर्षात लंडन आणि पॅरिसमध्ये जे घडलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. १९ जून २००३ ला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोन अपघातांची प्रकरणं होती. एकात बेकरी चालवणाऱ्या कुटुंबातल्या आई आणि मुलगी जखमी झाल्या होत्या. धंदा बंद पडला, तो त्यांनी दुसऱ्या कुणाला चालवायला दिला नाही, म्हणून भरपाई कापली गेली होती. न्यायालयाने सांगितलं, अपघात करणाऱ्याने त्याचे सगळे परिणाम भरून द्यायचे. त्याच्या सोयीसाठी आपलं नुकसान कमी करत बसायला अपघातग्रस्त बांधलेला नाही. म्हणजे फ्रेंचांनी आमची गादीच फेटाळली! आम्हाला हे टोकाचं वाटतं. धडधाकट माणसाने पाणी टपकताना नुसतं बघत बसावं आणि बिल पाठवावं, हे आमच्या पचनी पडत नाही.

डिसेंबरमध्ये लंडनला लॅग्डेन विरुद्ध ओ'कॉनरचा निकाल लागला. वादीची जुनी गाडी दुसऱ्याच्या चुकीने खराब झाली. दुरुस्ती होईपर्यंत त्याला गाडी हवी होती. रोखीने भाड्याची गाडी स्वस्त मिळाली असती, पण हा माणूस बेकार, तब्येतीने कमजोर, हातात रोकड नाही. त्याने उधारीवर गाडी देणाऱ्या कंपनीची महाग गाडी घेतली. प्रतिवादी म्हणाला, फक्त स्वस्त दर देतो. पाचपैकी तीन न्यायाधीशांनी पूर्ण रक्कम दिली. याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, आणि लीसबॉशचा निर्धनतेबद्दलचा नियम यापुढे पाळायचा नाही, असं ठरलं. रक्कम किरकोळ होती, काही शे पौंड. तेवढ्यासाठी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत!

आपल्याकडे काय झालं? अपकृत्यांचा कायदा आपण लिहिलाच नाही. फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८० च्या दशकात भारतासाठी त्याचा मसुदा केला होता, तो तसाच पडून राहिला. करारांबाबत १८७२ चं ते शहाणं वाक्य होतंच. पण १९६१ साली मुरलीधर चिरंजीलालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाल्डेनची दोन तत्त्वं उद्धृत केली आणि ती ७३ व्या कलमातूनही निघतात असं म्हटलं. 'कर्तव्य' अशा रीतीने आपल्या घरात आलं. प्रकरण ऑगस्ट १९४७ चं, स्वातंत्र्याच्या तोंडावरचं. रुपयाला वार या भावाने कॅनव्हास, कानपूरहून रेल्वेने कलकत्त्याला पाठवायचा. रेल्वेचं बुकिंग बंद झालं, विकणाऱ्याने हात वर केले. घेणाऱ्याने कलकत्त्याच्या भावाने भरपाई मागितली. माल मिळायचा कानपूरला, तेव्हा तुम्ही तिथे तो कोणत्या भावाने घेऊ शकला असता ते शाबीत करा, असं न्यायालय म्हणालं. ते शाबीत केलेलं नव्हतं. दावा गेला.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत हे चालून जातं. पण चाकरी गेलेल्या माणसाचं काय? नोकरी बेकायदा काढून घेतली तर मागचा पगार देताना विचारतात, मधल्या काळात तू दुसरीकडे काही कमावलंस का? हा नियम आजच्या विषयाचा सख्खा भाऊ आहे. २०१३ साली महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. शाळेने बडतर्फ केलं, शाळा न्यायाधिकरणाने ते रद्द करून पूर्ण पगारासह परत घ्यायला सांगितलं, पण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मागचा पगार काढून टाकला, कारण मधल्या काळात आपण बेकार होतो हे बाईंनी शाबीत केलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं. 'मला दुसरी नोकरी नव्हती' एवढं बाईंनी सांगितलं की पुरे; ती होती असं व्यवस्थापनाचं म्हणणं असेल तर ते त्याने सिद्ध करावं. जे नव्हतं ते कुणी कसं सिद्ध करणार? आणि निकालपत्रात न्यायालय त्या घरातही डोकावलं. पगार थांबला की मुलांच्या अन्नावर, शिक्षणावर येतं, नातेवाइकांकडून उसनवारी करावी लागते, आणि इकडे संस्था खटला लढवतच राहते. बाईंना पूर्ण पगार मिळाला.

१८७२ च्या स्पष्टीकरणातला 'साधनं होती का' हा प्रश्न या निकालात नावाने येत नाही. प्रकरण करार अधिनियमाखालचं नव्हतंच. पण आम्ही तो वाचताना आम्हाला तोच प्रश्न ऐकू येत होता, आणि या वेळी तो विचारला जात होता शाळेला.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. तो पंखा कुणीतरी जरा कमी करा, मागच्यांचा आवाज इथपर्यंत पोचत नाही.